गोळी चुकता कामा नये

दुसऱ्याचे आतडे रुग्णाच्या देहात जोडणे ही शस्त्रवैद्यांची विद्या. ते टिकविणे हे मात्र रोज ठरल्या वेळी घेतल्या जाणाऱ्या गोळीचे काम. मूत्रपिंडाच्या मानाने आतड्याचे प्रकरण अवघड. त्याच्या भिंतीत संरक्षक पेशींचा मोठा तळ असतो आणि पोकळीत जंतूंची वस्ती. म्हणून शरीराने ते झिडकारण्याची भीती अधिक, औषधही अधिक जोरकस. जपानातील त्सुकुबाच्या मातीतील सूक्ष्मजीवापासून १९८४ साली हाती आलेल्या टॅक्रोलिमसनेच या शस्त्रक्रियेला, आणि आतडे, यकृत, स्वादुपिंड एकत्र बसविण्याच्या धाडसाला, खरा आधार दिला.

पण या औषधाचा तोल फार नाजूक. रक्तातील प्रमाण घटले तर नवे आतडे धोक्यात. वाढले तर मूत्रपिंडे बिघडतात, हात कापतात, साधा संसर्गही जिवावर बेततो. जुलाब झाले की प्रमाण वाढू शकते, आणि जुलाब हे झिडकारले जाण्याचेही लक्षण असू शकते! रक्त तपासल्याविना मात्रा ठरविणे अशक्य. चतुर्थीच्या माटोळीला आपण बांधतो ते पपनसदेखील हे प्रमाण वाढविते, म्हणून अशा रुग्णास वर्ज्य.

आता पांढुर्णा आणि सौंसर पाहा. संत्र्यांचा हा मुलूख. घरात बोली मराठी, मोठ्या दुखण्याला नागपूर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर इकडे आले, हे तालुके मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. तेथील एखाद्या रुग्णावर मुंबईत वा चेन्नईत हे प्रत्यारोपण झाले, तर घरी परतल्यावर त्याने काय करावे? ‘आयुष्मान भारत’ योजना परराज्यातील इस्पितळातही चालते. परंतु घरी सोडल्यानंतर तिचा आधार १५ दिवसांचा, आणि गोळ्या तर जन्मभराच्या. गरिबांसाठी राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात या औषधांकरिता दरमहा १०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. शस्त्रक्रिया कोणत्याही राज्यात झालेली असो, ही मदत रुग्णाला त्याच्या जिल्हा इस्पितळातच मिळावी आणि रक्ताचा नमुनाही तेथेच घेतला जावा, असे आमचे मत आहे.

हा प्रश्न दूरच्या मुलखाचा म्हणून गोमंतकीयांनी सोडून देऊ नये. २०१८ साली बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात परप्रांतीय रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीच्या रुग्णांपुढे हीच सीमा उभी राहिली होती.