पास्ता मंगळवारी करा

रविवारी पास्ता करणाऱ्या पुरुषांची एक जमात आपल्या शहरांत चांगलीच फोफावली आहे. तुमच्या टीममध्येही एखादा असेलच. नसेल तर बहुतेक तुम्हीच तो. ;-) हा मनुष्य शनिवार रात्रीपासून ऑलिव्ह ऑईलबद्दल बोलायला लागतो. रविवारी सकाळी सुपरमार्केटात जाऊन परदेशी पेने, तीन प्रकारचं चीज आणि ओरेगॅनोची एक बाटली आणतो (घरात आधीच दोन असतात, शिवाय पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्यांनी एक खण भरलेला असतो). दुपारी एक वाजता ओट्याचा ताबा घेतो. किसणी कुठेय, मैदा कुठल्या डब्यात आहे, हे प्रश्न आतल्या खोलीच्या दिशेने फेकले जातात आणि तिथून उत्तरं येतात. अडीचला बेक्ड पास्ता तयार. फोटो निघतो, सगळे वा वा करतात, आणि सिंकमध्ये अकरा भांडी सोडून आपले शेफ सोफ्यावर आडवे होतात.

पास्ता चांगला झालेला असतो, हो. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यानंतरच्या वाक्याबद्दल: "आमच्याकडे मीसुद्धा स्वयंपाक करतो."

नाही राजा. तू स्वयंपाक करत नाहीस. तू डेमो देतोस.

डेमो आणि प्रॉडक्शन यातला फरक आपल्या धंद्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. डेमोची तारीख आपण ठरवतो, डेटा आपण निवडतो, आणि कौतुक करायला माणसं जमवलेली असतात. प्रॉडक्शन म्हणजे मंगळवारची रात्र. साडेसातला घरी पोचलोय, साडेनऊला क्लायंटचा कॉल आहे, मुलगी भुकेने किरकिर करतेय, फ्रिजमध्ये अर्धी ढोबळी मिरची आणि कालची वाटीभर आमटी आहे, आणि नऊच्या आत चार माणसांच्या पोटात काहीतरी गरम जायला हवंय. इथे कौतुक शून्य. मीठ कमी पडलं तर तक्रार मात्र लगेच. स्वयंपाक म्हणजे हे. आणि हे वर्षातून तीनशे वेळा.

मी नुसतं आकसाने बोलत नाहीये. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या बायकांपैकी ८१ टक्के दिवसभरात बिनपगारी घरकाम करत होत्या, पुरुषांपैकी २६ टक्के. जे करत होते त्यांचा दिवसाचा सरासरी वेळ: बायका २९९ मिनिटं, पुरुष ९७. पुढची पाहणी २०२४ ची. त्यात बायका २८९, पुरुष ८८. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांची नऊ. दरी होती तिथेच आहे, फक्त दोघंही थोडे खाली सरकले. हे आकडे खेड्यापाड्यांसकट सगळ्या देशाचे आहेत, एकट्या हिंजवडीचे नाहीत, हे मान्य. पण आपल्या मजल्यावर चित्र अगदी उलटं असेल असं छातीठोकपणे सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

"पण आमच्याकडे मावशी येतात की पोळ्यांना!" येतात ना. त्या आजारी पडतात, त्यांच्या मुलीचं लग्न निघतं, त्या गणपतीत गावी जातात, आणि जाणारच. त्या आठवड्यात ओट्यासमोर कोण उभं राहतं, एवढंच बघा. बॅकअप सिस्टीम कोण आहे हे मेन सिस्टीम बंद पडल्यावरच कळतं.

आता पास्ताच का, ते सांगते.

रोजच्या स्वयंपाकातून अंग काढून घ्यायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे "मला पोळ्या येत नाहीत". बरं, हे कारण अगदीच खोटं नाही. पोळी ही हाताला वळण लागायची गोष्ट आहे. कणीक किती सैल, लाटणं कुठे दाबायचं, तवा कधी मंद करायचा, हे एका रविवारी शिकून होत नाही. (मुलींना ते जन्मतः येतं असं मात्र नाही. त्यांना बाराव्या वर्षी ओट्याशी उभं केलेलं असतं.) पण बेक्ड पास्ता तुला येतो! त्याचा पुरावा दर महिन्याला तू स्वतःच देतोस, फोटोसकट. मग येतो ना? मंगळवारी कर.

दुसरं कारण माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं आहे. पोळी तव्यावरून थेट ताटात पडली तर तिची खरी मजा. म्हणजेच ती करणारी व्यक्ती सगळ्यांचं होईपर्यंत तव्यापाशी. चौघांचं घर असेल तर तिघं जेवतात आणि चौथी वाढते. मग ती एकटी बसते, तेव्हा बाकीच्यांचे हात धुऊन टीव्ही लागलेला असतो. आपल्याकडे याला माया म्हणायची पद्धत आहे. असेलही. पण ती माया पिढ्यानपिढ्या एकाच बाजूने वाहते हे जरा संशयास्पद नाही का? ओव्हनमधून निघालेलं भांडं टेबलाच्या मधोमध ठेवलं की करणारासुद्धा बाकीच्यांबरोबर पहिला घास घेतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या पदार्थाचं वकीलपत्र घ्यायला तयार आहे.

आता जरा "झटपट" या शब्दाकडे वळू. पाककृतींवर 'वेळ : २० मिनिटे' असं बिनदिक्कत छापलेलं असतं. हे आपण प्रोजेक्ट मॅनेजरला देतो तसलं एस्टिमेट आहे. त्यात कांदा आधीच चिरलेला असतो, चीज किसलेलं असतं, पाणी उकळलेलं असतं, सिंक रिकामा असतो आणि भांडी कोणीतरी नंतर घासणार असतं. हा 'कोणीतरी' कोण, ते पाककृतीत लिहीत नाहीत. असली एस्टिमेट्स वाचूनच "त्यात काय एवढं, वीस मिनिटांचं तर काम" हे वाक्य जन्माला येतं. म्हणून इथे खरा हिशोब देते, चार माणसांचा.

सामान : पाव किलो पेने किंवा मॅकरोनी, तीन टेबलचमचे लोणी, तीन टेबलचमचे मैदा, पाऊण लिटर दूध, शंभर ग्रॅम चीज, एक कांदा, चार लसूण पाकळ्या, आणि फ्रिजमध्ये असतील त्या भाज्या. ढोबळी मिरची, मक्याचे दाणे, गाजर, पालक, काहीही. मीठ, मिरपूड, आणि श्रीखंडासाठी आणलेलं जायफळ असेल तर चिमूटभर.

पहिली दहा मिनिटं : ओव्हन २०० अंशांवर चालू करा. एका गॅसवर मोठ्या पातेल्यात अडीच लिटर पाणी आणि दोन मोठे चमचे मीठ. पाणी तापेपर्यंत भाज्या चिरा, चीज किसा.

दहा ते बावीस : उकळत्या पाण्यात पास्ता. पाकिटावर अकरा मिनिटं लिहिली असतील तर आठच मिनिटं ठेवा, कारण उरलेलं शिजणं ओव्हनमध्ये सॉस पिऊन होणार आहे. इथे पूर्ण शिजवलात तर शेवटी खीर मिळेल. दुसऱ्या गॅसवर कढईत थोडं लोणी, लसूण, कांदा, भाज्या चार-पाच मिनिटं परतून बाजूला काढा. त्याच कढईत उरलेलं लोणी आणि मैदा मंद आचेवर दीड-दोन मिनिटं. कच्चा वास गेला पाहिजे, रंग बदलता कामा नये. मग दूध तीन हप्त्यांत, सतत ढवळत. मैद्याच्या प्रत्येक कणाला आधी लोण्याचं आवरण मिळतं, त्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि गुठळ्या होत नाहीत. मैदा थेट गरम दुधात टाकलात तर बाहेरचा थर लगेच फुगतो, आतला कोरडा राहतो, आणि मग गुठळ्या मोडत बसा. सॉस पळीवरून पातळ कढीसारखा ओघळला पाहिजे. 'जरा पातळच वाटतोय' असं वाटलं म्हणजे बरोबर, कारण पुढे तो आटतो आणि निवला की आणखी घट्ट होतो.

बावीस ते पंचवीस : निम्मं चीज सॉसमध्ये, त्यात पास्ता आणि भाज्या. मीठ चाखून बघा. सगळं बेकिंगच्या भांड्यात, वर उरलेलं चीज आणि हाताने कुस्करलेला शिळा पाव. भांडं ओव्हनमध्ये.

पंचवीस ते पंचेचाळीस : काही नाही! हीच या पदार्थाची खरी ताकद. ही वीस मिनिटं ओव्हनची आहेत, तुमची नाहीत. या वेळात पातेलं आणि कढई घासून होते, एक काकडी चिरून होते, मुलीचं गणित बघून होतं. पोळीला ही सोय नाही, तव्यावरची पोळी तुमची वाट बघत नाही.

पन्नासाव्या मिनिटाला जेवण टेबलावर. म्हणजे घड्याळाची पन्नास मिनिटं, त्यातली हात अडकलेली पंचवीस. वीस नव्हे. पण ती खरी आहेत, आणि भांडी त्यात धरलेली आहेत. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या भांड्यात झाकण घालून, खाली तवा ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं. वरचा थर लाल होणार नाही, पण चीज वितळेल आणि जेवण होईल.

आता आक्षेप.

"हे काही अस्सल इटालियन नाही." हा आक्षेप घेणारे बहुतेक तेच रविवारचे शेफ. अहो, दूध-मैद्याचा हा सॉस इटलीत बेशामेल्ला म्हणून ओळखला जातो आणि बोलोन्याच्या लझान्यात थरावर थर घालतात. पेलेग्रिनो आर्तुझी यांचं इटालियन स्वयंपाकाचं प्रसिद्ध पुस्तक १८९१ साली निघालं, त्यातही तो बाल्सामेल्ला या नावाने आहे. ओव्हनमधल्या पास्त्याला 'पास्ता आल फोर्नो' असं रीतसर नाव आहे आणि दक्षिण इटलीत तो घरोघरी होतो. आणि अस्सलपणाचंच म्हणाल तर टोमॅटो अमेरिका खंडातून इटलीत गेला. आपल्याकडची मिरचीही तिकडूनच आली. बटाट्याचं तर नावसुद्धा पोर्तुगीज आहे. तरी आपण बटाटेवडा अस्सल मराठी म्हणून छाती फुगवून खातोच ना? अस्सलपणाची चौकशी सवडीने करता येते. मंगळवारी पोट भरायचं असतं.

"पण मैदा, चीज..." मान्य. रोज खायचा पदार्थ नाहीच हा, आठवड्यातून एकदाचा आहे. बाकी पास्ता डुरम गव्हाच्या रव्याचा घ्या, पाकिटावर लिहिलेलं असतं. इटलीत तर सुका पास्ता डुरमचाच असला पाहिजे असा कायदा १९६७ साली झाला. तो शिजल्यावर लगदा होत नाही. सॉसला मैद्याऐवजी कणीक चालते, रंग जरा मातकट येतो इतकंच. क्रीमची गरजच नाही, सॉसला दाटपणा पिठातल्या स्टार्चने येतो. आणि भाज्या पास्त्याइतक्याच घाला, कोण अडवतंय?

"आई-बाबांना जेवल्यासारखं वाटत नाही." हा मात्र खरा आक्षेप आहे, तो मी उडवून लावणार नाही. ज्यांनी साठ वर्षं रात्री आमटी-भात खाल्ला त्यांना एका भांड्यातलं पांढरं काहीतरी देऊन "हेच जेवण" म्हणणं बरोबर नाही. पण वर सांगितलेली वीस रिकामी मिनिटं आठवतात ना? त्यात कुकरमध्ये वाटीभर भात होतो, आणि कालची आमटी गरम करायला कोणती पदवी लागत नाही. आणि गंमत म्हणजे दातांचा त्रास असलेल्या माणसाला मऊ, गरम, किंचित मिरपूड घातलेला पास्ता पोळीपेक्षा सोपा जातो. पहिल्यांदा नाक मुरडतील. तिसऱ्यांदा "त्या दिवशीचं ते मक्याचं" मागतील.

राहता राहिला शेवटचा आणि कोणीही मोठ्याने न बोललेला आक्षेप: मंगळवारी केला तर कौतुक होणार नाही. बरोबर. नाहीच होणार. फोटो काढायला कोणाला वेळ नसतो, मुलगी ढोबळी मिरची बाजूला काढते, आणि सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं. जेवण होतं, भांडं भिजत पडतं, दिवस संपतो. हे ज्याला तीन मंगळवार सलग जमलं, त्याने चौथ्या आठवड्यात "मीसुद्धा स्वयंपाक करतो" म्हणायला माझी हरकत नाही.

आणि रविवारचं काय? रविवारी ओटा सोडून द्या. बाहेरून मिसळ आणा. भांडी मात्र घासा.