‘पुस्तकात असं नव्हतं’ म्हणण्याआधी

‘गेम ऑफ थ्रोन्स’ संपून इतकी वर्षं झाली, तरी विषय निघाला की चारचौघांत एखादा अजून तणतणतोच. मे 2019 मध्ये शेवटचे भाग येत होते, तेव्हा आठवा सीझन लेखन जमणाऱ्या माणसांकडून नव्याने करून घ्या, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर जगभरातून 15 लाखांहून जास्त सह्या पडल्या. त्याच वर्षी त्याच सीझनने 12 एमी पुरस्कार नेले, सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचासुद्धा. सह्यांनी मालिका बदलली नाही आणि पुरस्कारांनी कुणाचा राग गेला नाही.

आज हे उकरून काढायचं कारण म्हणजे ही वेळ पुन्हापुन्हा येते आहे. ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’वरून भांडणं झाली, ‘द विचर’वरून झाली, ‘व्हील ऑफ टाइम’वरून झाली. जाडजूड कादंबऱ्यांच्या अद्भुत दुनियेवरून मालिका काढायच्या आणि वाचकांच्या शिव्या खायच्या, हा आता धंद्याचा भागच झाला आहे. आपल्याकडेही या मालिका बघणारे थोडेथोडके नाहीत, आणि चिडणारे तर त्याहून जास्त असावेत. त्या सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे. तक्रार जरूर करा. मात्र ‘पुस्तकात असं नव्हतं’ एवढ्यावर ती उभी करू नका, कारण तो पाय लंगडा आहे. मालिकेने आपल्या तोंडाने जे कबूल केलं होतं ते तिने पाळलं का, हे विचारा. तिथे मालिकावाल्यांना पळवाट नाही.

(मालिका बघायची राहिली असेल तर वाचन इथेच थांबवा. कोण मरतं, कोण कोणाला जाळतं, सगळं पुढे येणार आहे.)

पुस्तकाशी इमान राखलं म्हणजे मालिका चांगली होते, हे खरं नाही. पहिल्या सीझनचा पाचवा भाग आठवा. राजा रॉबर्ट आणि राणी सर्सी एका खोलीत बसून दारू पितात आणि आपल्या फसलेल्या संसाराबद्दल बोलतात. सतरा वर्षांचा कडवटपणा, पण आवाज चढत नाही. आपलं कधी जमण्यासारखं होतं का, असं ती विचारते आणि तो सरळ नाही म्हणतो. त्या सीझनमधला हा सर्वांत जिवंत प्रसंग, आणि तो कादंबरीत नाही. असूच शकत नव्हता. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांत प्रत्येक प्रकरण कुणा एकाच्या नजरेतून सांगितलेलं असतं, आणि पहिल्या पुस्तकात रॉबर्टची किंवा सर्सीची नजर आपल्याला मिळतच नाही. मग हा प्रसंग आला कुठून? भाग लांबीला कमी पडत होते, म्हणून एका खोलीत दोन माणसं बसवून स्वस्तात होतील असे काही प्रसंग नंतर लिहिले गेले, त्यांतला हा एक. दुसऱ्या सीझनमध्ये आर्या नाव लपवून टायविन लॅनिस्टरच्या हाताखाली काम करते. पुस्तकात ती वेगळ्याच सरदाराची, रूस बोल्टनची, नोकर असते. पण टायविन आणि ती पोर समोरासमोर बसल्यावर पुस्तकाची पारायणं केलेल्यांनीही तक्रार केली नाही. बदल चांगला असला की पुस्तक कुणालाच आठवत नाही.

उलट बाजूही बघा. 2015 मध्ये पाचव्या सीझनमध्ये स्टॅनिसने पोटच्या मुलीला, शिरीनला, चितेवर चढवलं आणि एकच गहजब झाला. पुस्तकात असं काही नाही, मार्टिननी असं कधीच लिहिलं नसतं, हे लेखकांचं पाप, वगैरे. त्यानंतर मालिकेचे कर्ते डेव्हिड बेनिऑफ यांनी सांगितलं की ही कल्पना खुद्द मार्टिन यांच्याकडूनच आली होती. मालिका पुस्तकांना गाठणार हे दिसू लागल्यावर बेनिऑफ आणि डी. बी. वाइस हे दोघे सँटा फेला मार्टिन यांच्या घरी जाऊन बसले होते आणि पुढे कोणाचं काय होणार हे विचारून आले होते. होडोरच्या नावामागचं रहस्यही त्यांना तिथेच कळलं. ‘मार्टिननी असं केलं नसतं’ म्हणणाऱ्यांचं काय झालं मग? लेखकाच्या वतीने रागवायला जाऊ नये. लेखक आपल्यापेक्षा निर्दय असतो.

आता नेमकी तक्रार कशी असते ते बघू.

सुरुवातीला या मालिकेत अंतराला वजन होतं. राजाचा लवाजमा राजधानीहून उत्तरेला विंटरफेलला पोचतो तेव्हा महिनाभराचा प्रवास झालेला असतो. माणसं वाटेत भेटतात, अडकतात, लुटली जातात. निम्मी गोष्ट रस्त्यावरच घडते. सातव्या सीझनच्या सहाव्या भागात काय होतं? भिंतीपलीकडे गोठलेल्या तळ्याच्या मधोमध आपली माणसं मृतांच्या वेढ्यात सापडतात. एकजण धावत भिंतीपर्यंत जातो, तिथून कावळा सुटतो, तो पार दक्षिणेला ड्रॅगनस्टोनला पोचतो, डॅनेरिसला निरोप मिळतो, ती कपडे बदलून ड्रॅगनवर बसते आणि वेळेवर हजर. तोवर तळ्यावरची मंडळी जिवंत. इथे पुस्तकाचं नावही घ्यायची गरज नाही. सहा सीझन तुम्हीच आम्हाला सांगितलं की हा देश प्रचंड आहे, मग तो एका रात्रीत एवढासा कसा झाला? याला उत्तर नाही. दिग्दर्शकानेही या वेळेच्या गणिताबद्दल हात वर केले होते.

डॅनेरिसचंही तेच. घंटा वाजतात, शहर शरण येतं आणि तरी ती ते जाळते. हे तिने करायला नको होतं, ही माझ्या मते तक्रार नव्हे. तिने मीरीनच्या धन्यांना खांबांवर खिळलं होतं, टार्ली बापलेकांना जिवंत जाळलं होतं. बीज जुनं आहे. तक्रार आहे ती घाईची. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सातचा, आठवा सहाचा. एचबीओ वाहिनीची आणखी भाग करायची तयारी होती. 73 भागांत आटपायचं हे बेनिऑफ आणि वाइस यांनीच ठरवलं. एका माणसाचं मन फिरायला जो वेळ लागतो तो द्यायला पैसा होता, मुभा होती, प्रेक्षक तर होतेच, आणि तो दिला गेला नाही. शेवट बदलून मागणाऱ्या अर्जापेक्षा ही एवढी तक्रार मला जास्त बोचरी वाटते.

काही तक्रारी मात्र स्वतःच्या घरात तपासून घ्याव्यात. आठव्या सीझनच्या तिसऱ्या भागातली ती मोठी लढाई रात्रीची. तिचं चित्रीकरण 55 रात्री चाललं होतं, आणि पडद्यावर दिसलं काय तर काळोख, अशी बोंब जगभर झाली. छायाचित्रकाराने प्रेक्षकांच्या टीव्हीच्या सेटिंगकडे बोट दाखवलं तेव्हा लोक आणखी भडकले. आपल्याकडे तर तो भाग अमेरिकेबरोबरच, म्हणजे सोमवारी सकाळी साडेसहाला आला. खिडक्या सताड उघड्या, उन्हं घरात, हातात मोबाइल, वर ऑफिसची लोकल गाठायची घाई. त्या अवस्थेत छायाचित्रकाराला नावं ठेवण्यात काय अर्थ? रात्री दिवे मालवून पुन्हा बघा आणि मग बोला. (मी बघितला. तरीही जरा काळोखच आहे.) आणि पुढच्या भागात टेबलावर विसरलेला तो कॉफीचा कप? त्यावर हसावं आणि सोडून द्यावं. वाहिनीने तो नंतर चित्रातून पुसून टाकला, विषय संपला.

नीट तक्रारीचा नमुना हवा असेल तर तो मार्टिन यांनीच सप्टेंबर 2024 मध्ये घालून दिला. ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’च्या मागे त्यांचं ‘फायर अँड ब्लड’ हे 2018 चं पुस्तक आहे, आणि ते धड कादंबरीही नाही. एका काल्पनिक पंडिताने लिहिलेला तो इतिहास आहे. त्यात एक धर्मगुरू, एक राजवैद्य आणि एक विदूषक एकाच घटनेच्या तीन तऱ्हा सांगतात. तेव्हा ‘पुस्तकात काय आहे’ हेच तिथे वादाचं. त्यातला एक भयंकर प्रसंग असा: मारेकरी राणी हेलेनाला दोन मुलग्यांपैकी एकाची निवड करायला लावतात. ती धाकट्या मेलोरचं नाव घेते आणि ते थोरल्याला मारतात. मालिकेत मेलोर जन्मालाच आलेला नाही. आपल्या पुस्तकाला हात लावला, अशी ओरड मार्टिन यांनी केली नाही. ते स्वतः टीव्हीत वर्षानुवर्षं लेखन करून आलेले. इतक्या लहान मुलाला घेऊन चित्रीकरण करायचं म्हणजे किती वेळ आणि पैसा जातो, हे त्यांनी आधी मान्य केलं. मग दाखवलं की हे पोर गाळलं की निवडीतली क्रूरता जाते, पुढे त्याच्या मरणाने जे घडतं त्याचा आधार जातो, हेलेनाच्या शेवटाचं कारण जातं. एक दुवा काढला तर पुढचे कुठले निसटतात, एवढंच त्यांनी मांडलं. तो मजकूर त्यांनी लगेच काढून टाकला आणि वाहिनीने आपल्या माणसांची पाठराखण केली, ते ठीकच. पण इतक्या सहानुभूतीने आणि तरीही इतकं झोंबणारं टीकाकारांपैकी फार थोड्यांना लिहिता आलं.

आता जरा कडक बोलतो. नटांना सोडा. डॅनेरिसने शहर जाळलं ते एमिलिया क्लार्कने नव्हे. तिच्या हातात कागद आला, तिने काम केलं. निळू फुल्यांना बाया रस्त्यात शिव्या घालायच्या असं आपण कौतुकाने सांगतो, आणि ते कौतुकच होतं. त्यांनी खलनायक इतका खरा केला म्हणून त्या शिव्या होत्या. आजचा प्रकार तसा नाही. ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’मध्ये कॉर्लिस वेलारियन काळ्या वर्णाच्या स्टीव्ह टूसाँला दिला, तेव्हा पुस्तकातली वेलारियन मंडळी गोरी आणि रुपेरी केसांची आहेत, असं म्हणत लोक त्याच्या रंगावर घसरले. उडणारे ड्रॅगन यांना चालतात आणि श्रीमंत काळा माणूस चालत नाही, अशा अर्थाचं तो तेव्हा बोलला होता. पुस्तकाचं नाव घेऊन येणारी ही तक्रार पुस्तकाची नसतेच. असलं काही कुणी पुढे पाठवलं तर तिथल्या तिथे हटका, घरातलं माणूस असलं तरी. आणि आठव्या सीझनवर सर्वांत जास्त आग पाखडणाऱ्या चाहत्यांनीच त्या वेळी मेंदूच्या दुखापतीतून सावरणाऱ्यांसाठीच्या एमिलिया क्लार्कच्या संस्थेला वर्गणी गोळा करून दिली, हेही त्यांच्या खात्यावर मांडायला हवं. राग कोणावर आणि माया कोणावर, हे त्यांना नीट कळत होतं.

चोरून फुटलेले भाग बघू नका, हेही जाता जाता. ऑगस्ट 2017 मध्ये सातव्या सीझनचा चौथा भाग आधीच फुटला आणि महाराष्ट्र पोलिसांनी चौघांना अटक केली. आपल्या इथलीच भानगड होती ती. धूसर, मध्येच तुटणाऱ्या प्रतीवरून मत बनवायचं आणि मग मालिकेला बोल लावायचा, हे बरोबर नाही.

आणि म्हाताऱ्या लेखकाच्या मागे लागणं थांबवा. मार्टिन यांचा जन्म 1948 चा. पाचवं पुस्तक 2011 मध्ये आलं, सहाव्याची वाट लोक तेव्हापासून बघत आहेत. वाट बघून कंटाळणं समजू शकतं. पण ‘पुस्तक पुरं करायच्या आत तुम्ही गेलात तर?’ असं माणसाला तोंडावर विचारणारे लोक आहेत. तुमच्या आजोबांना कुणी असं विचारलं तर तुम्ही काय कराल?

मग रागाचं करायचं काय? वाचा. मालिका आवडली नाही म्हणून पुस्तकाकडे गेलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने परत येत नाही. पण क्रम उलटा ठेवा, असं मी सांगेन: आधी बघा, मग वाचा. आधी वाचलं की पडद्यासमोर आपण हिशेबनीस होऊन बसतो, काय गाळलं, काय घातलं याच्या खुणा करत. बघून मग वाचलं की प्रत्येक पान जास्तीचं मिळतं. पाच जाड खंडांची धास्ती वाटत असेल तर ‘द हेज नाइट’पासून सुरुवात करा. 1998 ची ही लघुकादंबरी आहे, सुट्टीच्या एका दिवसात होते. तिच्यावरूनही एचबीओने ‘अ नाइट ऑफ द सेव्हन किंगडम्स’ केली आहे. ती आधी बघून घ्या. डंक नावाचा तो धिप्पाड, भाबडा शिलेदार मनातल्या मनात स्वतःला किती वेळा मठ्ठ म्हणतो, ते पडद्यावर मोजून दाखवणं कुणालाच जमायचं नाही; पुस्तकात ते जागोजागी आहे.