पिंगच्या पाठीवरचा फटका



पुण्यात, नवी मुंबईत, नागपुरात आणि नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या आपल्या लोकांच्या घरांत सध्या एक प्रश्न फिरतो आहे. लेकरू पाच वर्षांचं झालं, आता केजीत घालायचं की घरीच शिकवायचं? आणि घरी शिकवायचं ठरलं तर कोणता प्रोग्राम घ्यायचा? चित्रपुस्तकांवर चालणारे परदेशी होमस्कूलिंगचे संच आता एका क्लिकवर घरी येतात. शिकलेले, बऱ्या पगाराचे आपले आईबाप ते मागवतातही.

यावर चळवळीतली ज्येष्ठ मंडळी लगेच तुटून पडतात. ज्या शाळेच्या दारासाठी आपल्या बापजाद्यांनी लढा दिला, ते दार उघडं असताना तुम्ही पोरं घरात कोंडता? तरुण आईबापांचं उत्तरही तयार असतं. त्या शाळेत पहिल्याच दिवशी आडनावावरून पोराचा बाक ठरतो, डब्यात काय आणलं यावरून मैत्री ठरते, ते आम्ही मुकाट बघायचं? दोघांच्याही रागाला आधार आहे. पण दोघेही ज्याच्यावर भांडायला हवं त्या गोष्टीकडे बघतच नाहीत. त्या खोक्यात कोणती पुस्तकं आहेत, हे कुणी उघडून बघितलंय का?

आधी कायद्याचं एका दमात सांगून टाकू. शिक्षण हक्क कायदा २००९ सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. पाच वर्षांचं मूल घरी असणं हा कायद्याचा भंग नाही आणि आमच्या मते चळवळीशी गद्दारीही नाही. पाच वर्षांच्या पोराला आईच्या किंवा बापाच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकायला मिळणं, ही चैन आपल्या आज्यांना कधी परवडली नाही. आज कुणाला परवडत असेल तर आनंद आहे. पण मांडीवर बसवून काय वाचता, हे विचारायचा हक्क समाजाला आहे.

उदाहरण म्हणून ‘फाइव्ह इन अ रो’ घ्या. जेन क्लेअर लँबर्ट यांनी तयार केलेला हा अमेरिकन प्रोग्राम १९९० च्या दशकापासून चालू आहे. एक चित्रपुस्तक घ्यायचं, ते सलग पाच दिवस रोज वाचायचं आणि रोज त्यातून एक विषय काढायचा. कधी भूगोल, कधी भाषा, कधी चित्रकला, कधी गणित, कधी विज्ञान. गोष्ट जिथे घडते तिथे भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर एक चकती लावायची. पद्धत म्हणून ही उत्तम आहे, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक केजीत चार वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल कोंबून पानं भरून घेतात, त्यापेक्षा हे शंभरपट बरं. लहान मुलाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा हवी असते, हे कोणत्याही आजीला विचारा.

पण यादी बघा. पहिल्या भागातलं गाजलेलं पुस्तक म्हणजे मार्जोरी फ्लॅक यांचं १९३३ सालचं ‘द स्टोरी अबाउट पिंग’. चीनच्या यांगत्से नदीवर एका नावेत पिंग नावाचं बदकाचं पिल्लू राहतं, आईबाप, भावंडं, मावश्या, काका असं मोठं खटलं आहे. रोज संध्याकाळी मालक हाक मारतो आणि सगळी बदकं फळीवरून नावेत चढतात. जे शेवटी येतं त्याच्या पाठीवर फटका बसतो. एके दिवशी पिंगला उशीर होतो. फटक्याच्या भीतीने तो लपून राहतो, नाव निघून जाते, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या पातेल्यात शिजायची वेळ येते. एक मुलगा त्याला सोडून देतो. पिंगला आपली नाव सापडते, पुन्हा तो शेवटचाच असतो. या वेळी तो लपत नाही. फळीवरून वर जातो आणि फटका खातो. गोष्ट संपली.

चित्रं गोड आहेत, पिंगही गोड आहे. पण आपल्या डोळ्यांनी वाचा. कुणीतरी एक शेवटचा असणारच, रांगेचा तो नियमच आहे. म्हणजे रोज कुणाच्या तरी पाठीवर फटका ठरलेला. त्या नियमावर एकही बदक प्रश्न विचारत नाही. नावेबाहेर मरण आहे, नावेत फटका आहे, तेव्हा फटका खा आणि गप्प राहा! गावकुसाबाहेर ठेवून वर गावाचे उपकार मानायला लावणाऱ्या व्यवस्थेने आपल्या पूर्वजांना दुसरं काय शिकवलं होतं? आणि हे पुस्तक एकदा नाही, सलग पाच दिवस वाचायचं. कुणी म्हणेल, अहो, बदकाच्या गोष्टीत कसली व्यवस्था बघता? पाच वर्षांचं मूल व्यवस्था बघत नाही हे खरंच. ते फक्त एवढंच शिकतं की घरी परतायची किंमत फटका असते.

आता त्याच यादीतलं दुसरं पुस्तक बघा, ‘हू ओन्स द सन?’. एक लहान मुलगा बापाला विचारत जातो, सूर्य कुणाच्या मालकीचा, पाऊस कुणाच्या मालकीचा? आणि मग त्याला कळतं की त्याचा बापच दुसऱ्या माणसाच्या मालकीचा आहे. बाप गुलाम आहे. अमेरिकेतली गुलामगिरी हा प्रोग्राम पाच वर्षांच्या पोरापुढे ठेवतो, अंगणात खेळण्याच्या वयात. हे वाचून आपल्याच घरातली आई रडते, फोटो टाकते. आणि त्याच आईला आम्ही म्हणालो की जातीबद्दलही मुलाशी बोलायला हवं, तर उत्तर येतं: ‘इतक्या लवकर कशाला? त्याला कळू दे की सगळे सारखे.’ हा कुठला न्याय? मिसिसिपीच्या गुलामाचं दुःख पाच वर्षांच्या पोराला झेपतं आणि मराठवाड्यातल्या पाणवठ्याचं झेपत नाही? खरं असं आहे की परदेशी दुःखाला आपलं आडनाव चिकटलेलं नसतं, म्हणून ते वाचायला सोपं जातं.

पुस्तकात कोण दिसतं हा प्रश्न आम्ही हवेतून काढलेला नाही. १९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी अमेरिकेतल्या बालपुस्तकांची मोजदाद मांडली. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतल्या पाच हजारांवर पुस्तकांत काळी माणसं दिसणारी पुस्तकं होती अवघी ६.७ टक्के. काळ्या लेकरांची पिढीच्या पिढी पुस्तकात स्वतःला न बघता वाचायला शिकत होती. आपल्याकडे अशी मोजदाद करायला विद्यापीठाची परवानगी लागत नाही. दोन कार्यकर्त्यांनी एका रविवारी पुस्तकांच्या दुकानात जावं, पन्नास मराठी चित्रपुस्तकं काढावीत आणि वहीत लिहावं: घरात देव्हारा किती ठिकाणी, तुळशीवृंदावन किती ठिकाणी, भिंतीवर बुद्ध किंवा बाबासाहेब किती ठिकाणी. रस्ता झाडणारी बाई आहे का, आणि असेल तर तिला नाव आहे का? पात्रांच्या ताटात काय आहे?

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. पद्धत घ्या, यादी घेऊ नका.

महाश्वेता देवींचं ‘द व्हाय-व्हाय गर्ल’ घ्या. तूलिकाने काढलेलं आहे, अनेक भारतीय भाषांत मिळतं. शबर आदिवासींची मोयना बाबूच्या शेळ्या राखते आणि दिवसभर ‘का?’ विचारते. बाबूचं उरलंसुरलं अन्न मी का खाऊ? नदीवरून पाणी मीच का आणू? पिंग जे विचारत नाही ते सगळं ही पोरगी विचारते. हिच्याबरोबर पाच दिवस काढून बघा. एक दिवस शेळ्या मोजण्यात जाईल, एक दिवस नकाशावर बंगाल शोधण्यात. एक दिवस नुसत्या ‘का?’ची यादी करा, पोराला बोलू द्या आणि तुम्ही लिहा. आणि एक दिवस उरलेल्या अन्नाच्या प्रश्नावर थांबा. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि त्यांना बोलू द्या. हा धडा कोणत्याही अमेरिकन खोक्यात येत नाही, तो तुमच्या घरातच आहे.

मोयनाच्या गोष्टीतली आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी जागा वेगळीच आहे. शेळ्या राखायच्या असल्यामुळे तिला शाळेची वेळ जमत नाही. ती शाळेला नाव ठेवून घरी बसत नाही. ती विचारते, शाळेची वेळ का बदलत नाही? पुढे तीच मोयना शिकवायला लागते.

माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ही कामाचं आहे, कारण त्यात बोलायला जागा आहे आणि तुमच्या पोराची भाषा तिथे चालते. हैदराबादच्या ‘अन्वेषी’ने काढलेल्या ‘डिफरंट टेल्स’ मालिकेतली गोगू श्यामला, मोहम्मद खदीर बाबू यांची पुस्तकं थोडी मोठ्या मुलांची आहेत, ती आत्ताच घेऊन ठेवा. बाबासाहेबांची गोष्ट सांगताना मात्र गोणपाटाने आणि तहानेने सुरुवात करू नका, असं आम्हाला वाटतं. पाच वर्षांच्या लेकराची बाबासाहेबांशी पहिली ओळख अपमानातून का व्हावी? पुस्तकांना पुरेशी जागा हवी म्हणून राजगृह बांधणारा माणूस आधी भेटू दे. पाण्याची गोष्ट वर्षभराने सांगा, पण सांगाच.

आता एक गोष्ट जी कुणी बोलत नाही. हा प्रोग्राम रोज चालवतं कोण? खोक्यावर ‘पालक’ लिहिलेलं असतं, पण नोकरी सोडते ती आई. घराण्यातली पहिली पदवीधर बाई, पहिला स्वतःचा पगार, आणि तो पगार ‘मुलासाठी’ म्हणून तीन-चार वर्षं बंद. हिंदू कोड बिल अडवलं म्हणून १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी. त्या घरात बाईचा पगार सर्वांत आधी सुटतो, हे कसं चालतं? रोज संध्याकाळी अर्धा तास बापाने वाचावं. तेवढ्यात सगळं बसतं आणि कुणाची नोकरी जात नाही.

राहिला शाळेचा मुद्दा. काही जण अमेरिकेतल्या काळ्या कुटुंबांचा दाखला देतात. दाखला खरा आहे. तिथल्या जनगणना विभागाच्या पाहणीत होमस्कूलिंग करणाऱ्या काळ्या कुटुंबांचं प्रमाण २०२० च्या वसंतात ३.३ टक्के होतं, ते त्याच वर्षीच्या शरदात १६.१ टक्के झालं. साथ होतीच, पण शाळेतल्या वंशभेदामुळे घर निवडल्याचंही अनेक पालकांनी सांगितलं. त्यांच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. पण आपल्याकडचा हिशेब वेगळा आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. आणि अगदी परवा, २०२४ च्या फेब्रुवारीत, राज्य सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना २५ टक्के जागांच्या अटीतून मोकळं केलं होतं. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या, जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, तेव्हा कुठे आपल्या पोरांच्या जागा वाचल्या. दार अजूनही ढकललं जातंय. अशा वेळी अर्ज लिहिता येणारे, मुख्याध्यापकाला जाब विचारणारे, माहिती अधिकार टाकणारे आईबापच घरी बसले, तर वस्तीतल्या बाईच्या पोराची बाजू कोण घेणार? अंगणवाडीत पोषण आहार वेळेवर येतो का, तिथे एक तरी फाटकं नसलेलं चित्रपुस्तक आहे का, हे बघायला कोण जाणार?

तेव्हा पाचव्या वर्षी घरी वाचा, खुशाल वाचा. सहाव्या वर्षी शाळेत घाला आणि शाळेशी भांडा. आणि परदेशी संचासाठी बाजूला काढलेला पैसा पाच घरांनी एकत्र करावा. त्यातून वीस-पंचवीस पुस्तकं घ्यावीत आणि विहारात एक लोखंडी पेटी ठेवावी. रविवारच्या वंदनेनंतर पेटी उघडेल. पुस्तक नेणाऱ्या पोराचं नाव वहीत लिहायचं काम सातवी-आठवीतल्या एखाद्या मुलीला द्या, वही तिच्याच ताब्यात राहू द्या. वस्तीतल्या अंगणवाडीताईलाही पेटीची एक चावी द्या.

‘पिंग’ आधीच घरात आलं असेल तर रद्दीत टाकू नका, तेही पेटीत ठेवा. फक्त वाचून झाल्यावर पोराला विचारा, तो माणूस शेवटच्याला का मारतो?