शेअर ठेवावा की विकावा? उत्तर भावात नव्हे, खरेदीच्या कारणात

जयपूर : येथील सी-स्कीम परिसरातील धुलेश्वर गार्डन येथे नोंदणीकृत कार्यालय असलेल्या एयू स्मॉल फायनान्स बँकेला रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये युनिव्हर्सल बँक होण्यास तत्त्वतः मंजुरी दिली. त्यामुळे २०१७ पासून या बँकेचे समभाग बाळगणाऱ्यांसमोर जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला आहे : थांबावे की नफा पदरात पाडून घ्यावा? देशातील प्रत्येक दीर्घकालीन गुंतवणूकदाराला केव्हा ना केव्हा याच प्रश्नाला सामोरे जावे लागते.

२०१७ मध्ये ३५८ रुपये दराने विकला गेलेला हा समभाग बाजारातील नोंदणीच्या पहिल्याच दिवशी ५०० रुपयांच्या वर गेला. २०२० च्या प्रारंभी तो हजाराच्या पुढे होता. मार्चमध्ये कोविडच्या भीतीने बाजार कोसळला आणि २३ मार्च रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी घसरला. त्या पडझडीत हा समभाग पुन्हा विक्री किमतीच्या जवळ आला. पुढे तो सावरला आणि जून २०२२ मध्ये बँकेने एकास एक बोनस समभाग दिला.

त्याच मार्चमध्ये येस बँकेचा समभागही कोसळला. ५ मार्च रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घालून खातेदारांना ५० हजार रुपयांपर्यंतच रक्कम काढण्याची मुभा दिली. पुनर्रचना योजनेत शंभर किंवा त्याहून अधिक समभाग असलेल्यांचे ७५ टक्के समभाग तीन वर्षांसाठी गोठवण्यात आले. तेव्हा विकायचे ठरवूनही विकता येत नव्हते.

केवळ भावाचा आलेख पाहणाऱ्याला त्या महिन्यात दोन्ही घसरणी सारख्याच भासल्या असत्या. फरक कारणात होता. एयूच्या बाबतीत लहान व्यावसायिक आणि वाहनधारकांना कर्ज देण्याच्या व्यवसायावर बाहेरून संकट आले होते; समभाग घेण्यामागचे मूळ गृहीतक मोडले नव्हते. येस बँकेत कर्जांचा दर्जा आणि व्यवस्थापन यांवरचा विश्वासच ढळला होता. त्याची खूण दीड वर्ष आधी, सप्टेंबर २०१८ मध्ये मिळाली होती. रिझर्व्ह बँकेने तत्कालीन प्रमुख राणा कपूर यांची मुदत जानेवारी २०१९ पर्यंतच सीमित केली आणि समभाग एका दिवसात सुमारे २९ टक्क्यांनी आपटला. तरीही त्या सायंकाळी भाव दोनशेच्या वर होता. बाहेर पडण्याचा मार्ग खुला होता. ‘खरेदीचा भाव परत येऊ दे, मग विकू’ या आशेने अनेकांना रोखून धरले.

नंतर निष्कर्ष काढणे सोपे असते, हे मान्य. टाळेबंदीनंतर कर्जदार हप्ते फेडतील की नाही, हे मार्च २०२० मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. मात्र, कोणता प्रश्न विचारायचा हे ठरवणे गुंतवणूकदाराच्या हाती होते : ज्या कारणासाठी समभाग घेतला, ते कारण आजही शिल्लक आहे काय? हे कारण खरेदीच्या वेळी दोन ओळींत लिहून ठेवले, तर घबराटीत निर्णय घेण्याची वेळ सहसा येत नाही.

कारण शाबूत असतानाही विक्री योग्य ठरते, अशा दोन परिस्थिती आहेत. एकच समभाग वाढत जाऊन एकूण बचतीचा मोठा भाग व्यापू लागला, तर काही हिस्सा विकणे शहाणपणाचे. मुलांचे शिक्षण, घर किंवा निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली असेल, तर ती रक्कम बाजाराच्या भरवशावर ठेवू नये.

या निर्णयात कराचा विचार येतो, पण तो शेवटी. २३ जुलै २०२४ पासून वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या सूचिबद्ध समभागांच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. आर्थिक वर्षातील पहिला सव्वा लाखाचा नफा त्यातून वगळला जातो. पाच लाखांचा नफा एकाच वर्षात घेतल्यास उपकर वगळून ४६,८७५ रुपये कर होतो. तोच नफा मार्च आणि एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत समान विभागल्यास कर ३१,२५० रुपयांवर येतो.

एयूच्या जुन्या भागधारकांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या समभागांना त्या दिवशीच्या भावाचा करलाभ मिळतो. २०२२ च्या बोनस समभागांची खरेदी किंमत मात्र शून्य धरली जाते. डिमॅट खात्यातून आधी आलेले समभाग आधी विकले गेल्याचे मानले जाते. त्यामुळे पहिल्या निम्म्या विक्रीवरील कर हलका आणि उरलेल्या निम्म्यावरील जड पडू शकतो.

तथापि, कर वाचवण्यासाठी कमकुवत झालेला समभाग धरून ठेवणे महागात पडते. नव्या परवान्याकडे पाहतानाही कसोटी तीच : मोठ्या बँकांच्या स्पर्धेत एयू स्वस्त ठेवी मिळवू शकेल काय आणि तिची कर्जे वसूल होत राहतील काय? भागधारकांनी यापुढे प्रत्येक तिमाही निकालात हीच दोन उत्तरे शोधावीत.