पोडावरची शाळा पोडावरच राहू द्या

घाटंजी तालुक्यातल्या आईबापांनो, बंजारा तांड्यांवरच्या नायक-कारभाऱ्यांनो, कोलाम पोडांवरच्या जाणत्या माणसांनो, जूनअखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतील. त्याच्या कितीतरी आधी इंग्रजी शाळांची माणसे दारोदार फिरून जातात, गाडी थेट गावात येईल म्हणून सांगतात, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटावरची आणखी चार नावे कमी होतात. पट घसरला की शिक्षकाचे पद जाते. एकटे गुरुजी चार वर्ग सांभाळू लागले की उरलेले पालकही लेकरू काढून नेतात. ही घसरण आपण थांबवली नाही, तर दुसरे कोणी थांबवणार नाही.

फी भरण्यासाठी घरातला कापूस पडेल त्या भावाला विकणाऱ्या बापाला मी नावे ठेवणार नाही. शेतीत काय उरते ते यवतमाळ जिल्ह्याला कोणी सांगायला नको. पोराला यातून बाहेर काढायचे तर इंग्रजी हवी, हे त्याचे म्हणणे खरेच आहे. पण इंग्रजी शिकणे वेगळे आणि गणित, परिसर, इतिहास सगळेच इंग्रजीतून शिकणे वेगळे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. तो नीट शिकवला जात नसेल, तर भांडायचे त्यासाठी. घरात ज्या भाषेचा एक शब्द कानावर पडत नाही, त्या भाषेत सहा वर्षांच्या लेकराला वजाबाकी शिकवली की त्याला ना धड वजाबाकी येते, ना इंग्रजी. पाठ केलेले घडाघडा म्हणून दाखवते, पाहुण्यांना कौतुक वाटते, ‘का?’ विचारले की गप्प होते.

आफ्रिकेतल्या टांझानियात हेच घडते. तिथे सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालते आणि माध्यमिकला गेले की एकदम इंग्रजी. मुले गप्प बसतात म्हणून शिक्षक समजावताना पुन्हा स्वाहिलीकडे वळतात, पेपर मात्र इंग्रजीत लिहावा लागतो. पण तिथे निदान प्राथमिकची वर्षे तरी ओळखीच्या भाषेत गेलेली असतात. आपल्या कोलाम लेकराला ती उडी शाळेच्या पहिल्याच दिवशी मारावी लागते, कारण त्याच्यासाठी मराठीसुद्धा नवीच असते.

मराठी शाळा वाचवा म्हणताना आपण मराठी बोलणारे ही गोष्ट सहज विसरतो. कोलाम ही कातकरी आणि माडिया गोंडांप्रमाणे राज्यातली आदिम जमात. कोलामी द्रविड कुळातली भाषा, मराठीच्या घराण्यातली नव्हे. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५५ साली तिच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सव्वा लाखाच्या थोडे वर भरले. ही भाषा घेऊन आलेल्या लेकराला आपण पहिलीच्या वर्गात ‘मंद’ म्हणून मागे बसवतो. तांड्यावरून गोरमाटी बोली घेऊन आलेल्या लेकराचेही थोड्याफार फरकाने तेच. म्हणून शाळा नुसती उघडी ठेवून भागणार नाही. पहिली-दुसरीच्या वर्गात लेकराच्या घरची भाषा बोलणारे माणूस हवे. त्या भाषेचा हात धरून मराठी यावी, आणि इंग्रजी पहिलीपासून विषय म्हणून, पण मन लावून शिकवली जावी.

ही मागणी काही जगावेगळी नाही. वर्धा नदीच्या पलीकडे, वर्ध्यालाच, ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि सात वर्षांचे मोफत, सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे असा ठराव तिथे झाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २९ वे कलम शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणते. २०२० चे राष्ट्रीय धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा सुरू केली. शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवून नोटीस दिली, तेव्हा गाव उच्च न्यायालयात गेले. मोहगावच्या माणसांचा मला अभिमान वाटतो. आपल्याकडे तर शाळा आधीच उभी आहे. ती फक्त हातची जाऊ द्यायची नाही.

आणि ती जाऊ शकते. २०२३ साली राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्यासाठी जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले होते. कागदावर ते सोयीचे दिसते. पण कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटे शेतात गेल्यावर पोडावरच्या पहिलीतल्या पोरीला दूरच्या शाळेच्या बसपर्यंत कोण नेणार? पावसात नाल्याला पूर आला तर? ती पोर घरी राहील, धाकट्या भावंडाला सांभाळेल, आणि पुढच्या वर्षी तिचे नाव कोणत्याच पटावर नसेल.

तेव्हा १ मेच्या ग्रामसभेला घरटी एक माणूस तरी आलेच पाहिजे, बायाही आल्या पाहिजेत. तालुक्यातली काही गावे १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे १९९६ चा पेसा कायदा गावातल्या शाळेसारख्या संस्थांवर लक्ष ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेलाही देतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. तुमच्या गावच्या समितीत कोण कोण आहे ते विचारा, आणि बैठक झाली नसेल तर बोलवायला लावा. घाटंजी शहरातल्या निवृत्त शिक्षकांनो, शिकलेल्या पोरांनो, आठवड्यातून एक दिवस जवळच्या पोडावर इंग्रजी शिकवायला जा. मुख्याध्यापकांशी बोलून वेळ ठरवा. दहावी-बारावी झालेल्या कोलाम आणि बंजारा मुलामुलींनो, पहिलीच्या वर्गात आज सगळ्यात जास्त गरज तुमची आहे.

ठराव साध्या शब्दांत लिहा: आमची शाळा बंद करू नये किंवा दुसरीकडे जोडू नये, पहिली-दुसरीला घरची भाषा जाणणारा मदतनीस द्यावा, इंग्रजी शिकवू शकणारा शिक्षक द्यावा. सह्या, अंगठे घ्या. एक प्रत घाटंजी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, एक पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात द्या, आणि दोन्हीकडे शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय उठू नका.