रिकामी जागा, प्रलंबित याचिका

जबलपूरने शरद यादव यांना संसदेत प्रथम पाठविले ते एका रिकाम्या झालेल्या जागेवर. काँग्रेसचे ज्येष्ठ खासदार सेठ गोविंददास यांचे जून १९७४ मध्ये निधन झाले. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत जयप्रकाश नारायण यांचा पाठिंबा लाभलेला सत्तावीस वर्षांचा हा विद्यार्थी नेता विजयी झाला. १९७६ मध्ये, आणीबाणीत, लोकसभेची मुदत वाढविण्यात आली, तेव्हा त्याच्या निषेधार्थ मधु लिमये यांच्यासह यादव यांनी राजीनामा दिला. १९७७ मध्ये जबलपूरने त्यांना पुन्हा निवडून दिले.

चार दशकांनंतर यादव यांची राज्यसभेतील जागा गेली, ती मात्र त्यांच्या इच्छेविरुद्ध. जुलै २०१७ मध्ये जनता दल (संयुक्त) भाजपसोबत गेल्यानंतर ते ऑगस्टमध्ये राष्ट्रीय जनता दलाच्या पाटण्यातील सभेत व्यासपीठावर दिसले. पक्षाच्या तक्रारीवरून सभापती वेंकय्या नायडू यांनी ४ डिसेंबर २०१७ रोजी त्यांना आणि अली अन्वर यांना अपात्र ठरविले.

यादव यांनी राजीनामा दिलेला नव्हता. परंतु घटनेच्या दहाव्या अनुसूचीतील 'स्वेच्छेने सदस्यत्व सोडणे' याचा अर्थ केवळ लेखी राजीनामा नव्हे, तो सदस्याच्या वर्तनावरूनही काढता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील रवी नाईक प्रकरणात १९९४ मध्येच स्पष्ट केले होते. बिहारच्या मतदारांनी महाआघाडीला दिलेला कौल पक्षानेच मोडला, हा यादव यांचा युक्तिवाद राजकीयदृष्ट्या वजनदार होता; कायद्यात त्याला आधार मिळणे कठीण होते.

दिल्ली उच्च न्यायालयाने अपात्रतेला स्थगिती नाकारली, पण वेतन, भत्ते आणि निवासस्थान तूर्त कायम ठेवले. जून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेतन-भत्ते थांबविले, बंगला राहू दिला. पुढे मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तोही रिकामा करण्यास सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी मेअखेरपर्यंत मुदत दिली. जागेचा मूळ प्रश्न मागे पडून बंगल्याचाच निवाडा होत राहिला, असे म्हणण्यास जागा आहे.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ नुसार रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी लागते. उर्वरित मुदत एक वर्षाहून कमी असल्यास, अथवा निवडणूक घेणे कठीण असल्याचे आयोगाने केंद्राशी विचारविनिमय करून प्रमाणित केल्यास त्यातून सूट मिळते. या सवलतीचा अर्थ किती ताणला जातो, हे पुण्यात दिसले. गिरीश बापट यांचे मार्च २०२३ मध्ये निधन झाले. पोटनिवडणूक तातडीने घ्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये दिला. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि पुण्याला नवा खासदार सार्वत्रिक निवडणुकीतच मिळाला.

यादव यांच्या जागेची तर साडेचार वर्षांहून अधिक मुदत शिल्लक होती. तीवर पोटनिवडणूक झाली नाही. जुलै २०२२ मध्ये मुदत संपणार होती. मार्चपर्यंत याचिका प्रलंबितच होती. बिहारच्या विधानसभेने जून २०२२ च्या नियमित निवडणुकीत ती जागा भरली. यादव यांचे १२ जानेवारी २०२३ रोजी निधन झाले.