सोळाशे मीटरच्या पुढे

बीड जिल्ह्यात पळणं बहुतेकांच्या बाबतीत सोळाशे मीटरला संपतं. पोलीस भरतीत मुलांनी सोळाशे मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत काढलं की 20 पैकी 20 गुण, मुलींना आठशे. अग्निवीर व्हायचं तरी 1.6 किलोमीटरच. वडवणीसारख्या तालुक्याच्या गावी पहाटे बीड-परळी रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं 'ग्राउंड' मारत असतात. एकाच्या हातात मोबाइलचं घड्याळ, बाकीचे धापा टाकत टायमिंग विचारणार. भरतीचं वय निघून गेलं की ती रस्त्यावरून नाहीशी होतात. पुढे पस्तिशीत दुकानाच्या गल्ल्यावर किंवा बांधावर बसून तीच मंडळी दिल्लीच्या बातम्या बघतात आणि वैतागतात. माझं म्हणणं असं, की या वैतागलेल्यांनी पुन्हा पळायला लागावं, या वेळी लांब पळावं, आणि राजकारणातून अंग काढून घेतलं असा ठपका त्यांच्यावर कुणी ठेवू नये.

वैताग खोटा नाही. कोरोनाच्या काळात सैन्यभरतीचे मेळावे दोन वर्षं थांबले, आणि जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली: नोकरी चार वर्षांची, त्यानंतर फार तर 25 टक्के जण कायम. 2024 च्या राज्य पोलीस भरतीत 17,471 जागांसाठी 17 लाखांहून जास्त अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे साधारण शंभर. यावर निवडणूक लढायला हवी होती. त्याऐवजी 2024 ची बीडची लोकसभा जातीवर लढली गेली, निकाल 6,553 मतांनी लागला आणि त्यानंतर गावोगाव बोलणं-चालणं बिघडलं. पण या सगळ्यात आणखी एक गोष्ट हातची गेली, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. नोकरीसाठी पळायचं होतं; नोकरी गेली तसं पळणंही सोडून दिलं. नोकरी देणं न देणं सरकारच्या हातात होतं. पाय तर आपलेच होते.

इथे लगेच अविनाश साबळेचं नाव निघतं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा, बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, 2018 मध्ये त्यानं स्टीपलचेसमधला गोपाळ सैनींचा 1981 चा विक्रम मोडला, 2023 मध्ये आशियाई सुवर्ण, 2024 मध्ये पॅरिसची अंतिम फेरी. अभिमान आहेच. पण 'त्याच्यासारखी मेहनत करा' हे व्यासपीठावरचं पालुपद मला पटत नाही. मागे राहिलेल्या लाखोंची मेहनत कमी पडली, असा त्याचा अर्थ होतो. लांब पळण्याचं मोल नेमकं याच्या उलट आहे: त्यात भरती नाही, कटऑफ नाही. दहा वर्षांच्या खंडानंतर परतणाऱ्यानं एवढंच ध्यानात ठेवावं, की दम काही आठवड्यांत परत येतो, नडग्या आणि घोट्यामागची शीर तयार व्हायला महिने लागतात. जुन्या टायमिंगच्या नादानं पहिल्याच आठवड्यात जोर लावणारा पंधराव्या दिवशी लंगडतो. शेजारच्याशी बोलता येईल एवढ्याच वेगानं पळावं, मधेमधे चालावं.

राजकारणातून अंग काढून घेण्याचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला पुरावाही आहे. टोरंटो विद्यापीठातल्या ब्रेट फोर्ड आणि सहकाऱ्यांचा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की रोजच्या राजकारणाच्या त्रासापासून मन दुसरीकडे वळवणाऱ्यांना बरं वाटतं, पण काही कृती करण्याची त्यांची इच्छाही कमी होते. अमेरिकेतल्या लोकांबद्दलचा निष्कर्ष आहे, तरी तो झटकून टाकता येत नाही. पण आपल्याकडे उणीव राजकारणातल्या रसाची आहे का? 2024 ला बीडमध्ये सुमारे 71 टक्के मतदान झालं, देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. त्याच काळात, मार्च 2022 पासून तीन वर्षांहून अधिक, जिल्हा परिषदेवर प्रशासक होता. शाळा, दवाखाने, गावरस्ते बघणारं सभागृह रिकामं होतं. रोज रात्री दिल्लीवर तावातावानं बोलणाऱ्या आपल्या गप्पांत हा विषय किती वेळा निघाला? दिल्लीच्या चर्चेतला तास कमी झाला, तर बिघडणार काय?

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा: पळणं हे भरल्या पोटाचे चोचले. कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्याला, दिवसभर मोळ्या वाहणाऱ्याला व्यायाम सांगणं हा आगाऊपणा होईल, आणि तो मी करत नाही. मी बोलतोय ते संध्याकाळी दोन तास स्क्रीनसमोर घालवणाऱ्यांशी. पण बायकांच्या बाबतीत मात्र हा आक्षेप मला खोडता येत नाही. भरतीसाठी आठशे मीटर काढणारी मुलगी लग्नानंतर पहाटे अंधारात रस्त्यावर कशी पळणार? हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या मागे साधा दिवाही न लावता जात असतात, तिथे पुरुषही जीव मुठीत धरून पळतात. निर्धास्त पळण्यासाठी हवी असतात शाळेच्या मैदानाची पहाटे उघडी फाटकं आणि चार दिवे. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर ते मागायला दिल्लीला जावं लागत नाही. पळणाऱ्या वीस जणांच्या सह्यांचा अर्ज घेऊन पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर उभं राहावं लागतं, आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा जावं लागतं.